जड मालमोटारीचा परवाना

मनुष्याला छंद किती प्रकारचे असावेत याला कांहीं मर्यादा नाहीं. कोणी तिकिटें जमवितो, कोणी फुलझाडें लावितो, कोणी रात्रीं गच्चीवर बसून तारे ओळखीत राहतो. अशा छंदांना कोणी नांवें ठेवीत नाहीं. परंतु पन्नाशीच्या घरांत आल्यावर आम्हीं जड मालमोटार हांकण्याचा परवाना काढण्याचें मनांत आणिलें, तेव्हां घरच्या मंडळींपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र एकच प्रश्न झाला : "तुम्हांला आतां ट्रक चालवून काय करावयाचें आहे?" परिवहन कार्यालयाच्या खिडकीपलीकडील कारकुनांनींहि अर्जावरून नजर वर करून हाच प्रश्न केला. त्यांना आम्हीं "हौस" एवढेंच उत्तर दिलें. तें खरें होतें, पण पुरें नव्हतें. तें उत्तर येथें पुरें करावें, आणि ज्या कोणास अशी हौस असेल त्यास तिची वाट कशी आहे हें सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आमचें बालपण कसाऱ्याच्या घाटाखालीं गेलें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर घाट चढणाऱ्या मालमोटारींचा आवाज ऐकूं येई. हांकणारानें गिअर बदलला कीं तो आवाज क्षणभर तुटे आणि पुन्हां जड होऊन सुरू होई. त्या आवाजावरून गाडी कोणत्या वळणावर आली असेल याचा अंदाज बांधतां बांधतां झोंप लागे. हौस अशी जुनी. पण ती चाळीस वर्षें मनांतच राहिली, आणि तिला बाहेर काढलें तें एका लाजिरवाण्या प्रसंगानें.

नववीच्या वर्गांत आम्ही सह्याद्रींतील घाट शिकवीत होतों. एका मुलाचें लक्ष नव्हतें. आम्हीं त्यास उभें केलें आणि म्हटलें, "अभ्यास करूं नकोस, पुढें ट्रक हांकीत बस." मागच्या बांकावरून कोणी तरी म्हणालें, "सर, त्याचे वडील ट्रकच चालवितात." वर्ग हंसला. तो मुलगा मात्र हंसला नाहीं. पुस्तकाकडे पाहत उभा राहिला. ज्या घाटाची उंची आम्ही खडूनें फळ्यावर दाखवीत होतों, त्याच घाटांतून त्याचा बाप आठवड्यांतून दोनदां मालानें भरलेली गाडी उतरवीत असे. त्या कामाविषयीं आपणांस काय ठाऊक आहे, असा प्रश्न आम्हीं त्या रात्रीं स्वतःस विचारला. उत्तर आलें, कांहींहि नाहीं. पुढच्याच महिन्यांत आम्हीं शिकाऊ परवान्यासाठीं अर्ज केला.

आतां कायद्याचें पाहूं. आपल्या देशांत ही बाब १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं येते. गाडीचें स्वतःचें वजन आणि तिच्यावर लादतां येणारा जास्तींत जास्त भार मिळून जें होतें, त्यास एकूण वजन म्हणतात. हें एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर तें हलकें वाहन. १२,००० किलोंहून अधिक असेल तर ती जड मालमोटार. मधलीं तीं मध्यम. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, गाडी रिकामी आहे किंवा भरलेली आहे याला महत्त्व नाहीं. सोळा टनांची मालमोटार रिकामी धांवत असली तरी कायद्याच्या दृष्टीनें ती जडच.

साध्या मोटारीच्या परवान्यावर लहान मालमोटार चालवितां येते कीं नाहीं, याविषयीं पुष्कळ वर्षें वाद होता. अपघात झाला म्हणजे विमा कंपन्या हाच मुद्दा पुढें करीत. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं एका निकालांत आणि पुढें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठापुढें तो वाद मिटविला. हलक्या वाहनाचा परवाना असणारा मनुष्य ७,५०० किलोपर्यंतचें मालवाहू वाहनहि चालवूं शकतो, असा तो निर्णय आहे. म्हणून ज्याची हौस लहान टेम्पोपुरती आहे, त्यास निराळा परवाना काढण्याचें कारण नाहीं. त्यापुढच्या गाड्यांसाठीं मात्र परिवहन वाहनाचा स्वतंत्र अधिकार परवान्यावर नोंदवून घ्यावा लागतो.

त्याच्या अटी फार नाहींत, पण त्या टाळतां येत नाहींत. वयाचीं २० वर्षें पूर्ण असावीं लागतात. हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हातीं असावा लागतो. डॉक्टरांचें प्रमाणपत्र लागतें. मनुष्यास तांबडा व हिरवा रंग ओळखतां येतो काय, २५ मीटरांवरून मोटारीच्या पाटीवरील क्रमांक वाचतां येतो काय, रातांधळेपणा आहे काय, भोंग्याचा आवाज नीट ऐकूं येतो काय, हें त्यांत डॉक्टरांस लिहून द्यावें लागतें. नंतर शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज परीक्षेस बसतां येत नाहीं. या वर्गासाठीं मान्यताप्राप्त शिक्षणशाळेचें प्रमाणपत्रहि जोडावें लागतें. नियमाप्रमाणें हें शिक्षण निदान ३० दिवसांचें आणि प्रत्यक्ष हांकण्याचे तास निदान १५ असले पाहिजेत. पूर्वीं इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. मिळालेला परवाना पांच वर्षें चालतो व पुढें पुन्हां तपासणी करून वाढवून घ्यावा लागतो.

आमच्यासारख्या हौशी मनुष्यानें एक प्रश्न अवश्य विचारावा. आपल्याला भाडें मारावयाचें नाहीं, पोट भरावयाचें नाहीं, तर या अटींत कांहीं सूट नसावी काय? सूट नाहीं. या बाबतींत इंग्लंडांतील पद्धत पाहण्यासारखी आहे. तेथें जुन्या मालमोटारी विकत घेऊन, दुरुस्त करून, सुटीच्या दिवशीं मिरविणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्था आहेत. जो पगारासाठीं मालमोटार चालवितो त्यास तेथें परवान्याखेरीज व्यवसायाचें निराळें प्रमाणपत्र लागतें, आणि दर पांच वर्षांत ३५ तासांचें शिक्षण पुन्हां घ्यावें लागतें. केवळ हौसेसाठीं चालविणारास तें माफ आहे. पण डॉक्टरांची तपासणी आणि रस्त्यावरची परीक्षा दोघांनाहि सारखीच. यांतील न्याय उघड आहे. धंद्याचे नियम हौशी मनुष्यास माफ करतां येतील. वजनाचे नियम माफ करतां येत नाहींत. गाडी उतारावरून सुटली म्हणजे ती हांकणाराचा हेतु पाहून थांबत नाहीं.

शिक्षणशाळेंत आम्हांस जे गुरु लाभले, ते तीस वर्षें मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी चालवून निवृत्त झालेले होते. शिक्षण चौथीपर्यंत. या धंद्यांत हांकणारास उस्ताद म्हणण्याची रीत आहे. आम्हीहि त्यांस उस्तादच म्हणूं लागलों, आणि ते आम्हांस मास्तर म्हणत. पहिल्या दिवशीं त्यांनीं आम्हांस बसूंच दिलें नाहीं. हातांत एक लांकडी दांडका दिला आणि प्रत्येक टायर ठोकावयास लावला. हवा भरलेल्या टायरचा आवाज निराळा आणि हवा गेलेल्याचा निराळा. मागें एकाशेजारीं एक अशीं दुहेरी चाकें असतात. त्यांतील आंतल्याची हवा गेली तरी बाहेरचें गाडी उचलून धरतें, त्यामुळें नुसत्या डोळ्यांना दोष दिसत नाहीं. नंतर पाटे, दिवे, ताडपत्रीचे दोर, तेल, पाणी. अर्धा तास यांतच गेला. "मास्तर, चुकलेलें पोर तुम्ही उद्यां पुन्हां शिकवितां," ते म्हणाले, "इथें उद्यां नसतो."

दुसरा धडा वळणाचा. साध्या मोटारींत मागचीं चाकें पुढच्यांच्या मागोमाग येतात असें आपण समजतों. तें पूर्ण खरें नाहीं, पण गाडी लहान असल्यामुळें फरक जाणवत नाहीं. मालमोटारींत तो उघड होतो. विद्यार्थ्यांनीं हें भूमितीनें ताडून पाहावें. समजा, पुढच्या व मागच्या चाकांत ५ मीटर अंतर आहे आणि पुढचें चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहे. वळणाचा मध्य मागच्या आंसाच्या रेषेंत असतो. म्हणून एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण १० मीटर, एक भुजा ५ मीटर; दुसरी भुजा म्हणजे मागच्या चाकाची त्रिज्या. पायथागोरसच्या सिद्धांतानें ती ८.६६ मीटर येते. म्हणजे मागचें चाक १ मीटर ३४ सेंटिमीटर आंतून जातें! सायकलवर बसलेलें मूल तेवढ्या जागेंत सहज मावतें. नाक्यावर मालमोटार डावीकडे वळण्यापूर्वी थोडी उजवीकडे जाते, ती उगाच नव्हे. मागच्या चाकांस जागा मिळावी म्हणून जाते. तें पाहून "वाट मिळाली" असें समजून जो डावीकडून पुढें घुसतो, तो नेमका त्या मागच्या चाकाच्या वाटेंत शिरतो. वर्गांत वीस वर्षें शेजारीं बसून हा सिद्धांत ऐकला असूनहि त्याचा असा उपयोग आमच्या ध्यानांत कधीं आला नव्हता.

पण या साऱ्या विद्येचें सार आहे तें उतारांत. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतची चढण सुमारें ३०० मीटरांची आहे. १६ टनांची गाडी तेवढें अंतर खालीं उतरते, तेव्हां तिची वरची शक्ति नाहींशी होत नाहीं. ती कोठें तरी जिरवावी लागते. हिशेब केला तर ती सुमारें १४० लीटर साध्या पाण्यास उकळी आणण्याइतकी भरते. सगळी ब्रेकनेंच जिरवावयाची म्हटली, तर एवढी उष्णता चाकांतल्या लोखंडी ड्रमांत आणि त्यांवर घासणाऱ्या लायनरांत जाते. ड्रम तापून फुगतो व लायनरापासून दूर सरतो. लायनर तापला कीं त्याची पकड सुटते. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि गाडी थांबत नाहीं. घाटांत ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतों. त्यांपैकीं पुष्कळ वेळां ब्रेक मोडलेला नसतो. तो तापून थकलेला असतो.

यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा व इंजिनाकडूनच गाडीस आवर घालवावा. इंजिनाची धूर बाहेर टाकणारी नळी झडपेनें आवळून हा आवर वाढविण्याची सोयहि मोठ्या गाड्यांत असते. ब्रेक मधून मधून, थोडा वेळ आणि घट्ट लावावा. सतत टेंकवून ठेवूं नये. तेल वाचविण्याच्या मोहानें गिअर काढून गाडी मोकळी सोडणें हा तर आत्मघात होय. इंजिन बंद केलें म्हणजे संकट दुहेरी होतें. कारण मोठ्या गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो.

या हवेच्या ब्रेकची कथाहि बोधप्रद आहे. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन यंत्रज्ञानें १८६९ सालीं आगगाडीसाठीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्या पहिल्या रचनेंत हवा आली कीं ब्रेक लागे. म्हणून नळी फुटली कीं गाडीस ब्रेकच राहत नसे. कांहीं वर्षांतच त्यानें रचना उलट केली : नळींतील हवा गेली कीं ब्रेक आपोआप लागावा. आजच्या मालमोटारींत उभ्या गाडीचा जो ब्रेक असतो, त्यांत हेंच तत्त्व आहे. जबर स्प्रिंग ब्रेक लावून धरते आणि हवेचा दाब तिला मागें रेटतो. दाब पुरेसा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाहीं. दाब घटला तर आधीं भोंगा वाजतो आणि मग स्प्रिंग आपलें काम करते. सकाळीं गाडी सुरू करून हांकणारा उगाच बसलेला दिसतो, तेव्हां तो आळस करीत नसतो. हवा भरण्याची वाट पाहत असतो.

परीक्षेच्या दिवसाची हकीकत सांगण्यास संकोच वाटतो. पण विद्यार्थ्यांना ती ऐकण्याचा हक्क आहे. परीक्षेंत गाडी सरळ नेणें, गिअर चढविणें व उतरविणें, मागें घेऊन अरुंद जागेंत घालणें, आणि चढणीवर थांबवून मागें न घसरतां पुन्हां सुरू करणें, इतक्या गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिल्या तीन आम्हांस जमल्या. चढणीवर मात्र क्लच सोडण्यास क्षणभर उशीर झाला आणि गाडी हातभर मागें आली. निरीक्षकांनीं कांहीं न बोलतां कागदावर रेघ ओढली. आम्ही नापास झालों. शेजारच्या गाडीवरील विशीचा तरुण पहिल्याच खेपेस उत्तीर्ण होऊन हंसत उतरला. नापास झालेल्यास सात दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तिसऱ्यांदांहि जमलें नाहीं तर साठ दिवस थांबावें लागतें. आम्हांस दुसऱ्या खेपेस यश आलें. त्या सात दिवसांत नापास मुलाच्या मनांत काय चालतें, याची आम्हांस पुष्कळ वर्षांनीं पुन्हां ओळख झाली.

परवाना हातीं आल्यावर आम्हीं त्या मुलाच्या घरीं जाऊन त्याच्या वडिलांची भेट घेतली, आणि वर्गांत काढलेल्या शब्दांबद्दल त्यांची व मुलाची क्षमा मागितली. वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही वाईट काय बोललांत? माझ्या पोरानें हें करूं नये म्हणूनच मी हें करतों." नंतर त्यांनीं परवाना हातांत घेऊन दोन्ही बाजूंनीं पाहिला आणि विचारलें, "घाट उतरलांत का?" आम्ही "एकदां, उस्तादांबरोबर," म्हणालों. "मग ज्या गिअरमध्यें चढलांत त्याच्याच गिअरमध्यें उतरा. तेवढें ध्यानांत ठेवा."

त्यांचें पहिलें वाक्य आमच्या मनांत अजून घोळतें. आम्ही जें बोललों तेंच तेहि बोलले. पण आम्ही अज्ञानानें बोललों आणि ते अनुभवानें. त्या कामांत काय पडतें हें ते जाणतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाचे ८ तास व आठवड्याचे ४८ तास ठरविले होते; परंतु रस्त्यावरचें घड्याळ कायद्याच्या घड्याळाप्रमाणें चालत नाहीं, हें कोणत्याहि ढाब्यावर अर्धा तास बसलें तरी कळतें. नव्या बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत हांकणाराची खोली वातानुकूलित असली पाहिजे, असा नियम झाला आहे. हें चांगलें झालें. पण किती उशिरां झालें! इंजिनाशेजारीं उन्हाळ्यांत बसून पाहिल्याखेरीज त्या नियमाची किंमत आम्हांसहि कळली नसती.

हौशी मनुष्यास एक सूचना करणें अवश्य आहे. परवाना म्हणजे गाडी नव्हे. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाची अनुमति हवी. तिचा विमा, योग्यतेचा दाखला व इतर कागद चालू असले पाहिजेत. आणि विमा आपल्यासारख्या हांकणारास लागू आहे कीं नाहीं, हें आधींच पाहून घ्यावें. ज्वालाग्राही अथवा विषारी माल वाहावयाचा असेल तर त्यासाठीं स्वतंत्र शिक्षण व नोंद लागते. हौशी मनुष्यानें त्या वाटेस जाऊंच नये. आम्ही स्वतः महिन्यांतून एखादे वेळीं, शिक्षणशाळेच्या गाडीवर, उस्ताद शेजारीं असतांना, हात मोकळा करतों. एवढ्यावर आमची हौस भागते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें हा परवाना काढील, पुष्कळसे काढणार नाहींत. पण मालमोटारींच्या शेजारून तुम्हां सर्वांनाच रोज शाळेंत यावयाचें आहे. म्हणून एवढें लक्षांत ठेवा : मालमोटारीच्या आरशांत हांकणाराचें तोंड तुम्हांला दिसत नसेल, तर तुम्हीहि त्याला दिसत नाहीं. वळणाऱ्या गाडीच्या डाव्या बाजूस कधीं उभे राहूं नका. आणि तुमच्या वर्गांतील एखाद्या मुलानें वडिलांचा व्यवसाय विचारतां "ड्रायव्हर" असें हळूच उत्तर दिलें, तर त्यास तें पुन्हां मोठ्यानें सांगण्यास सांगा. आमच्या वर्गांत हल्लीं घाटांचा धडा आला म्हणजे आम्ही त्या मुलालाच फळ्याजवळ बोलावितों. उतारावर गिअर केव्हां बदलावा हें तो आमच्याहून चांगलें सांगतो.